वरून केळी दिसत नाही म्हणे! उपग्रहाचा आपल्याला नेमका उपयोग काय?

पिलबाग (रावेर तालुका) | सोमवार, सकाळी ८.१२

मंडळी, तापलेल्या डोक्याने लिहितोय, सांभाळून घ्या.

आमची दीड हेक्टर मृगबाग. जुलैत लागवड, टिश्यूची रोपं, ठिबक, सगळं रीतसर. फळपीक विम्याचा हप्ता वेळेत भरला, बागेत उभं राहून फोटो काढला, चढवला. मे महिन्यातल्या वाऱ्याने तीनशेच्या वर खोडं घडासकट आडवी केली. आणि काल मेसेज आला: उपग्रह पडताळणीत आपल्या गटात केळी पीक आढळून आले नाही.

मेसेज आला तेव्हा आबा बागेतच होते. मी वाचून दाखवला. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, वर बघितलं आणि म्हणाले, “मंग मी काय कपाशीत उभा हाये का?” संध्याकाळपर्यंत पारावर येणाऱ्या प्रत्येकाला हेच विचारत होते.

कंपनीचं नाव घेत नाही, तो विषय नाही. विषय असा की रॉकेट उडालं की टाळ्या आपणही वाजवतो. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा याच आबांनी पेढे वाटले होते. मग या उपग्रहांचा केळीवाल्याला, कपाशीवाल्याला, आपल्या खान्देशातल्या माणसाला नेमका काय उपयोग? स्वतःचे अनुभव सांगा. भाषणं नको.

शेवभाजी | ८.२०

उपग्रह यायच्या आधी व्यापारी येऊन गेला असेल. तो आला की केळीही दिसत नाही आणि पैसेही.

धुळेकर | ८.४१

कडू बोलतो, राग मानू नका. अंतराळ खात्याचं २०२४-२५ चं बजेट १३ हजार कोटींच्या घरात होतं. आणि आमना गल्लीमा आठ दिनमा एकदाव नळ येस. चंद्रावर पाणी सापडलं याचा आनंद आहेच, पण ते टाकीत कधी पडणार?

शेवभाजी | ८.४४

अहिराणीत भांडलं की भांडणही गोड लागतं.

तापीकाठ | ९.३०

धुळेकर भाऊ, नळाचं माहीत नाही, नदीचं सांगतो.

आमचं गाव तापीवरच्या हतनूर धरणाच्या खाली, अगदी काठावर. ‘४१ पैकी इतके दरवाजे पूर्ण उघडले’ हे वाक्य आम्ही पावसाळाभर पाढ्यासारखं ऐकतो. लहानपणी पाणी सोडलं की कोतवाल दवंडी द्यायचा. तो आमच्या गल्लीत पोचेपर्यंत काठावरच्या मोटारी पाण्याखाली गेलेल्या असायच्या. आमच्या वडिलांनी एकाच पावसाळ्यात दोन मोटारी घालवल्या. दुसऱ्या वेळी तर पाइपाचा तुकडा तेवढा हाती लागला.

आता गंमत बघा. हतनूरला येणारं पाणी आधी तापीवर बऱ्हाणपूरला आणि पूर्णेवर येरळीला दिसतं. तिथे केंद्रीय जल आयोगाची ठाणी आहेत. पातळी मोजणारं यंत्र आपली नोंद इन्सॅट उपग्रहाकडे फेकतं, तिथून ती नियंत्रण कक्षात उतरते. पुरात पहिली मान टाकतो तो मोबाईलचा टॉवर. या नोंदीला टॉवर लागत नाही. खाली उकाई धरण आणि त्याच्याखाली सुरत, त्यामुळे २००६ च्या सुरतेच्या पुरानंतर या आकड्यांकडे बघायची सगळ्यांची नजरच बदलली.

मागच्या पावसाळ्यात रात्री एकला पोरगा म्हणाला, पप्पा, वरची पातळी चढतेय. ट्रॅक्टरच्या उजेडात साडेसात एचपीची मोटार वर ओढली. सकाळी त्या जागी पुरुषभर पाणी. आता ही मोटार चांद्रयानाने वाचवली असं मी म्हणत नाही, पण वरच्यापैकी कोणीतरी वाचवली.

बोंडअळी (पारोळा) | १०.०५

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी ते वीज पडायचा इशारा देणारं दामिनी अ‍ॅप. वीस मिनिटं आधी सांगतं. निंदणीच्या बाया वावरात असल्या की मी फोन खिशात ठेवतच नाही, हातात ठेवतो. उपग्रहाचा उपयोग म्हणजे हा!

नकाशेवाली (मूळ अमळनेर, सध्या पुणे) | १०.५२

बोंडअळी दादा, दामिनी वापरताच राहा, पण त्याचं श्रेय उपग्रहाला नाही. वीज पडली की रेडिओ लहरी निघतात, त्या पकडणारे सेन्सर जमिनीवर देशभर बसवलेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं काम आहे ते. तसंच गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली, तीही उपग्रहाने नव्हे. वर गुणगुणतं ते सगळं इस्रोचंच नसतं.

उपग्रहाचं काम बघायचं असेल तर सॅटेलाइट म्हणून बातम्यांत दाखवतात ते ढगांचं चित्र बघा. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलेला इन्सॅट-३डीएस. विषुववृत्तावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर हे पृथ्वीच्याच गतीने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात आणि दिवसरात्र आपल्यावरच नजर ठेवतात. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आपल्याकडे सरकतोय हे चार दिवस आधी कळतं ते यांच्यामुळे.

पिलबाग, तुमच्या केसकडे येते. गट मोठा आहे का? आणि मेसेजमध्ये चित्राची तारीख दिली आहे का?

बोंडअळी | ११.०१

ताई, मान्य. पण गारपीट? ती कळते का तुमच्या ३६ हजारवाल्याला? मागे हरभरा काढणीला आलेला, आकाश निळंशार, आणि दुपारी चारला दहा मिनिटांत खळं पांढरं.

नकाशेवाली | ११.१५

ढग फुगतोय, त्याचा माथा झपाट्याने थंड होतोय, एवढं दिसतं. कोणत्या शिवारात गारा पडणार ते नाही. त्याला जवळ डॉप्लर रडार लागतं. याबाबत तुमचा राग अगदी बरोबर आहे.

जुना गार्ड (भुसावळ) | दुपारी १२.४०

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली. आमच्या वेळी भुसावळ कंट्रोलमध्ये कंट्रोलरसमोर टेबलभर कागद असायचा. एका बाजूला स्टेशनं, एका बाजूला वेळ, आणि प्रत्येक गाडीची पेन्सिलीने ओढलेली रेघ. स्टेशन मास्तर फोनवर वेळ सांगणार, कंट्रोलर कानाला फोन लावूनच रेघ पुढे नेणार. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी कुठे आहे ते देव जाणे आणि आम्ही जाणे. हिवाळ्यात ब्रेकव्हॅनमध्ये कुडकुडत बसलेला मी अर्धा तास कोणाच्याच हिशेबात नसायचो. त्यात एक सुख होतं म्हणा.

आता इंजिनावर डबी असते. गगन नावाची आपली उपग्रह व्यवस्था आहे, ती जीपीएसमधली चूक दुरुस्त करते. दर ३० सेकंदांनी गाडीची जागा आणि वेग आपोआप कंट्रोलला जातो, तोच पुढे तुमच्या मोबाईलवर येतो. परवा सुनेने बसल्या जागी सांगितलं, “पप्पा, गाडी भादलीला उभी आहे.” उशीर होता तेवढाच आहे, फक्त आता तो भादलीला होतोय हे घरी कळतं.

शेवभाजी | १२.४८

काका, पूर्वी ‘गाडी लेट आहे’ म्हणून बायकोला थाप मारता यायची. तो उद्योग बुडवला इस्रोने.

सातपुडा_मास्तर (धडगाव) | दुपारी ३.२२

पिलबाग भाऊंचा मेसेज वाचून हसू नाही आलं. हेच वाक्य आमच्याकडे पंधरा वर्षांपासून ऐकतोय, केळीच्या जागी शेत घाला.

वनहक्क कायदा २००६ चा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असाल तर तिच्यावर तुमचा हक्क. आता हे सिद्ध कसं करायचं? आमच्या पाड्यावरच्या माणसाकडे कागद म्हणून काय असेल तर वनखात्याने केलेल्या दंडाच्या पावत्या. गंमत अशी की ज्या पावतीने त्याला चोर ठरवलं, तीच पुढे त्याचा पुरावा झाली. माझ्या शाळेतल्या एका पोराच्या आजीने अशा पावत्या खापराच्या मडक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर राख टाकून ठेवल्या होत्या. राखेने वाळवी लागत नाही म्हणाली.

पुढे कोणी तरी उपग्रहाचं चित्र आणलं आणि दावे फेटाळले: इथे जंगल दिसतं, शेत दिसत नाही. दिसेल कसं? आमची नेवाडं, म्हणजे जंगलातली शेतं, उतारावर, अर्धा एकर इथे, पाऊण एकर तिथे, मध्ये मोहाची झाडं. मोह कोणी तोडत नाही. वरून बघितलं तर मोहाचा डेरा दिसणार, खालचं मोर नावाचं भरडधान्य नाही.

मग त्याच उपग्रहांचा दुसऱ्या बाजूने उपयोग झाला. हातातलं जीपीएस घेऊन आम्ही पोरांसोबत एकेका प्लॉटच्या कडेने चाललो. पुढे शेतमालक, मागे यंत्रवाला पोरगा, त्याच्या मागे पंच आणि कुत्रं. पूर्ण फेरी मारली की यंत्रात आकार उमटायचा आणि क्षेत्र कळायचं. ज्यांनी आयुष्यात स्वतःच्या जमिनीचा नकाशा पाहिला नव्हता, ते त्या छोट्या पडद्याकडे बघत राहायचे.

२०१२ च्या नियमदुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरायचं, त्यांच्या जागी नाही. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब, दंडपावत्या, जुन्या खुणा हे सगळं बघावंच लागतं. पण हे वाक्य पाड्यापर्यंत पोचायला उपग्रह नाही, माणूस लागतो.

तापीकाठ | ३.४०

मास्तर, आजीच्या मडक्याला नमस्कार.

नकाशेवाली | ४.१०

मास्तरांच्या म्हणण्यात थोडा हिशेब घालते. त्या काळी आपल्या उपग्रहाच्या ज्या कॅमेऱ्याची चित्रं सर्रास वापरली जायची त्याचा एक ठिपका जमिनीवर २३.५ मीटरचा. म्हणजे एक एकर शेत सात ठिपक्यांत संपलं. त्यातले कडेचे ठिपके अर्धे शेत, अर्धे झाड. सात ठिपक्यांवर माणसाचा हक्क ठरवणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, सगळ्या पंगतीची परीक्षा. चित्र खोटं नव्हतं, त्याला भलताच प्रश्न विचारला होता.

मोहफूल (यावल अभयारण्याजवळ) | ५.३५

जंगलाचा विषय निघालाच आहे म्हणून. आमचे मेहुणे वनखात्यात आहेत. मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या फोनवर आगीचे मेसेज येतात. विदेशी उपग्रहांवरचे उष्णता ओळखणारे कॅमेरे दिवसारात्री वरून जातात, डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यातले तापलेले ठिपके शोधते आणि थेट त्या बीटच्या, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याच्या, माणसाला कळवते. ठिपका मात्र ३७५ मीटरचा. मग हे झाडाच्या फांद्या घेऊन अंधारात डोंगर चढणार.

कधी वर पोचल्यावर कळतं की कोणी गव्हाचं खोडकं पेटवलंय. कधी मोहाखाली पाला जाळलेला असतो, फुलं वेचायला जागा साफ व्हावी म्हणून. एकदा म्हातारी बाई यांना म्हणाली, “तुला कोणी सांगितलं?” हे म्हणाले, आभाळातून दिसलं. ती म्हणाली, “मग आभाळाला सांग, झाडून काढायला ये.”

जी_एम_ग्रुप | ६.०२

आत्ताच आलेला मेसेज: उपग्रहाने जळगावचं तापमान ५४ अंश मोजलं, सरकार लपवतंय. खरं आहे का?

नकाशेवाली | ६.२०

सरकार लपवत नाहीये, तुमचा ग्रुप दोन आकडे एकत्र करतोय. उपग्रह मोजतो ते तापलेल्या मातीच्या, पत्र्याच्या, डांबराच्या पृष्ठभागाचं तापमान. हवामान खातं मोजतं ते सावलीतल्या, झापांच्या पांढऱ्या पेटीतल्या हवेचं, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर. मे महिन्यात दुपारी अनवाणी गच्चीवर जा, दोन्हींतला फरक तळपायाला कळेल.

धुळेकर | ६.३१

आमच्याकडे चप्पल घालूनही कळतो.

चाळीसगावकर | रात्री ९.१५

थोडं अवांतर, पण खान्देशाचा धागा आहे तर हे यायलाच हवं. भारताने पहिले प्रायोगिक दूरसंवेदन उपग्रह सोडले त्यांची नावं भास्कर-१ (७ जून १९७९) आणि भास्कर-२ (२० नोव्हेंबर १९८१). दोन्ही सोव्हिएत रॉकेटवरून गेले. जंगल, पाणी, समुद्र वरून कसे दिसतात ते बघायला. आणि आमच्या चाळीसगावपासून हाकेच्या अंतरावर पाटणादेवी! भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, तसा शके ११२८ चा शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. म्हणजे बघा, उपग्रहाचं आजोळ आपल्याकडेच!

जुना गार्ड | ९.४०

भाऊ, सबुरीनं. भास्कराचार्य दोन होऊन गेले. एक सातव्या शतकातले, दुसरे लीलावतीवाले, बाराव्या शतकातले. पाटणचा लेख दुसऱ्यांच्या नातवाचा. आणि त्यांचं गाव विज्जलविड म्हणजे पाटणच का, यावर विद्वान अजून भांडताहेत.

शेवभाजी | ९.४३

भास्कर दोन, उपग्रह दोन. वाटणी सरळ झाली. पिलबागच्या घरी होते का अशी?

पिलबाग | १०.०५

शेवभाजी, तुम्ही गमतीत बोललात, पण इथेच पाणी मुरतंय असं वाटतं.

नकाशेवाली ताई, गट तीन हेक्टरचा. आबा आणि काका यांची वाटणी चार वर्षांपूर्वी झाली. सातबारा वेगळे झाले, एकाला /१, दुसऱ्याला /२. आमच्याकडे केळी, काकांकडे कपाशी. चित्राची तारीख मेसेजमध्ये नाही, फोन लावला तर नुसतं गाणं वाजतं.

नकाशेवाली | १०.२२

पोटहिस्सा मोजणी केली होती का?

पिलबाग | १०.३०

नाही. बांधावरून दोघांचं बोलणंच बंद आहे.

नकाशेवाली | मंगळवार, सकाळी ७.०५

रात्री बसून बघितलं. युरोपचा सेंटिनेल-२ नावाचा उपग्रह आहे, ७८६ किलोमीटरवरून जातो, दर पाच दिवसांनी एक चित्र, ठिपका दहा मीटरचा, आणि सगळं फुकट. तुमची बाग म्हणजे दीडशे ठिपके, म्हणजे भरपूर. जुलै-ऑगस्टची चित्रं ढगांनी खाल्लेली. नोव्हेंबरमध्ये अख्खा गट हिरवा, केळी कुठली आणि कपाशी कुठली ते कळायला बारकाईने बघावं लागतं. पण एप्रिलचं चित्र उघडलं आणि काम झालं. एप्रिलमध्ये कपाशीची पऱ्हाटी केव्हाच उपटलेली, सगळं शिवार तपकिरी, आणि तुमची बाग मधोमध कापल्यासारखी गर्द हिरवी. हिरवं पान डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं, त्या पट्ट्यात तर ती दिव्यासारखी उठून दिसते.

आता कंपनीचं काय चुकलं असावं ते. सातबारा दोन झाले तरी गट नकाशात रेघ पडलेली नाही, तिथे तो अजून एकच तीन हेक्टरचा तुकडा आहे. त्यांनी गटाच्या मध्याजवळ बिंदू धरला असेल तर तो तुमच्या बांधापलीकडे पडतो. तारखेसकट चार चित्रं आणि तुमच्या बागेची हद्द टाकून मेल करते. तालुक्याच्या तक्रार समितीकडे तुमच्या बागेतल्या फोटोबरोबर ती जोडा. फोटोत अक्षांश-रेखांश आहेत ना?

पिलबाग | ७.३०

आहेत. ताई, काय बोलू! म्हणजे उपग्रहाला केळी दिसत होती, आणि आम्हाला मेसेज आला तो काकांच्या कपाशीचा?

नकाशेवाली | ७.३४

बहुतेक तसंच. आबांचा प्रश्न बरोबर होता. कागदावर ते कपाशीतच उभे होते.

सातपुडा_मास्तर | ८.१०

आणि ज्यांच्या ओळखीत पुण्याची नकाशेवाली नाही, त्यांनी काय करायचं? चित्र फुकट आहे हे खरं, पण ते उघडून तक्रारीला जोडणारा माणूस प्रत्येक तालुक्यात बसवा की. तेरा हजार कोटींत एवढं बसायला हवं, काय धुळेकर?

धुळेकर | ८.२५

मास्तर, तुमच्याशी भांडताच येत नाही. नळाचा मुद्दा मात्र मी सोडलेला नाही.

पिलबाग | शुक्रवार, रात्री ८.५०

ताजी खबर. अर्ज दिला, पोच घेतली. तिथल्या साहेबांनी एप्रिलचं चित्र दोनदा मोठं करून बघितलं आणि फेरपडताळणीला पाठवतो म्हणाले. पैसे मिळतील तेव्हा मिळतील. कार्यालयातच कळलं की पुढच्या वर्षी हाच घोळ नको असेल तर पोटहिस्सा मोजणी करून नकाशात रेघ पाडून घ्या. त्या अर्जावर दोन्ही भावांच्या सह्या लागतात.

आबा काल संध्याकाळी चित्राचा कागद घडी करून काकांकडे गेले. चार वर्षांनी. मी बाहेर मोटरसायकलवर बसून होतो. आतून आधी काहीच आवाज नाही, मग काकूने चहाच्या कपबशा काढल्याचा आला. काका चष्मा लावून कागदावर बोट फिरवत होते, इथे विहीर, इथे गोठा, हे कोणाचं? सही करतो म्हणाले. फक्त बांधावरच्या लिंबाचं आधी ठरवा, तो माझ्या बाजूला आहे.

आबा घरी आल्यापासून तो कागद उलटासुलटा करून बघताहेत. ताई, त्यांचा निरोप आहे: लिंब नेमका कोणाकडे पडतो ते वरून सांगता येईल का?

नकाशेवाली | ९.०२

नाही हो. दहा मीटरच्या ठिपक्यात लिंब मावतो, बांध मावत नाही. त्याला मोजणीवाल्यांचा रोव्हर, म्हणजे हद्द मोजायचं यंत्रच आणा. आणि मला कळलं असतं तरी मी सांगितलं नसतं.